आजोबांची पत्रं ऐका

एका लेखात वाचलं की लिल पीप या अमेरिकी रॅपरवरचा ‘एव्हरीबडीज एव्हरीथिंग’ हा माहितीपट त्याच्या व्यसनाला वलय देतो. मला तसं अजिबात वाटलं नाही. मी तो दोनदा पाहिला, आणि दोन्ही वेळा त्याच्या आजोबांच्या पत्रांपाशी डोळे भरून आले. हे आजोबा, जॉन वोमॅक, हार्वर्डमधले इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक, मेक्सिकन क्रांतीचे अभ्यासक. चेहऱ्यावर टॅटू गोंदवलेल्या नातवाला ते पत्रं लिहितात, तर त्यात उपदेशाचा सूर नाही, नुसती माया. म्हाताऱ्या, थकलेल्या आवाजात ती ऐकू येतात आणि पडद्यावर न्यूयॉर्कजवळच्या लॉंग आयलंडवर वाढलेला गुस्ताव, म्हणजेच लिल पीप, दिसतो. घरी त्याला गस म्हणायचे.

१५ नोव्हेंबर २०१७ ला अ‍ॅरिझोनातल्या टूसॉनमध्ये, कार्यक्रमाआधी, टूरच्या बसमध्येच तो गेला. एकविसावं लागून जेमतेम दोन आठवडे झाले होते. फेंटानिल हे जबर वेदनाशामक आणि झॅनॅक्स हे चिंतेवरचं औषध, दोन्हींचा अतिरेक झाला. त्याच दिवशी त्याने गोळ्या तोंडात टाकतानाचा व्हिडिओ इन्स्टाग्रामवर टाकला होता, लाखोंना तो दिसत होता. बसमधल्यांना वाटलं, झोपलाय. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पोरगं गेलं हो! यात वलय कुठे आहे?

एक मात्र लेखकाचं पटलं, त्याच्याभोवती पैसा फिरवणाऱ्यांना आणखी थेट प्रश्न विचारायला हवे होते. पण मुलगा गेल्यावरही कॅमेऱ्यासमोर शांतपणे बोलणारी त्याची आई बघा. घरात अठरा-वीस वर्षांचं मूल असेल तर त्याच्यासोबत बसून बघा.