गारठवलं म्हणून अ‍ॅल्युमिनियमचं पोलाद होत नाही

भाच्याने परवा एक मेसेज पाठवला. तोच मेसेज आधी कामावरच्या ग्रुपवर दोनदा येऊन गेला होता. मजकूर असा: "अ‍ॅल्युमिनियम उणे १९६ अंशांवर लाटलं की पोलादाच्या ५ पट मजबूत होतं. थंडीने अणू जवळ येऊन कायमचे घट्ट बसतात. मग लाल होईपर्यंत तापवलं की ताकद पक्की. कंपन्या हे गुपित ठेवतात. घरच्या फ्रीझरमध्ये ठेवलं तरी थोडा फायदा होतोच." खाली भाच्याचा प्रश्न: "मामा, खरंय का?"

यातला एक धागा खरा आहे, म्हणून तर लोक पुढे ढकलतात. द्रव नायट्रोजनमध्ये बुडवून पत्रा लाटण्याला क्रायोरोलिंग म्हणतात आणि त्यातून साध्या लाटण्यापेक्षा जास्त ताकद मिळते. पण बाकीचं सगळं उलटसुलट झालंय.

अणू जवळ येतात हे खरं, 'कायमचे' हे खोटं. १ मीटरची पट्टी द्रव नायट्रोजनमध्ये सुमारे ४ मिलिमीटर आखडते आणि बाहेर काढून ठेवली की पुन्हा होती तेवढी होते. काही पोलादांत अतिथंडीने आतली रचनाच बदलते आणि कडकपणा येतो, हे टूल स्टील, म्हणजे हत्यारांचं पोलाद, वापरणाऱ्यांना ठाऊक आहे. अ‍ॅल्युमिनियममध्ये तसं बदलण्यासारखं काही नसतं. ताकद येते ती लाटण्याने. रोलखाली दबताना स्फटिकांत डिसलोकेशन नावाचे दोष वाढतात, त्यांचा गुंता होतो आणि धातू पुढे सरकायला कुरकुर करू लागतो. नेहमीच्या तापमानाला हा गुंता लाटता लाटताच थोडा सुटत जातो. थंडी तो सुटू देत नाही. तिचं काम तेवढंच.

आता ५ पट. बांधकामाचं साधं पोलाद तोडायला ४१० मेगापास्कलच्या आसपास ताण लागतो. ७०७५ हा अ‍ॅल्युमिनियमचा मिश्रधातू टी६ अवस्थेत, म्हणजे नीट हीट ट्रीटमेंट झालेला असेल, तर ५७० च्या घरात जातो, तेही न गारठवता. पण ५ पट म्हणजे २००० च्या वर! तिथे नेहमीच्या वापरातला कुठलाच अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातू पोचत नाही. शिवाय ताठपणा, म्हणजे वाकायला होणारा विरोध, वेगळा. तो ७० गिगापास्कलच राहतो आणि पोलादाचा २०० च्या पुढे असतो. तुम्ही लाटा, बुडवा, काहीही करा.

सगळ्यात घातक ओळ आहे 'लाल होईपर्यंत'. अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, मिश्रधातू त्याच्याही आधी पाघळायला लागतात. दिवसाउजेडी ते लाल दिसण्याची वाट बघत बसलात तर जॉब, म्हणजे कामाचा तुकडा, भट्टीच्या तळाशी थारोळ्यात सापडेल. म्हणून तर पत्र्याचं काम करणारे जुने कारागीर साबणाची रेघ ओढतात आणि ती काळी पडली की गॅस बंद करतात. आणि तेही पत्रा मऊ करायला, कडक करायला नव्हे.

कडक करायची रीत वेगळी. ६०६१ हा मिश्रधातू घ्या. ५३० अंशांच्या आसपास धरून ठेवला की मॅग्नेशियम आणि सिलिकॉन धातूत विरघळतात; मग झटकन पाण्यात. लोखंडाची सवय असलेला नवा पोरगा इथे हमखास चकतो. पाण्यातून काढलेला जॉब कडक नसतो, चांगला मऊ असतो. वाकलेली पट्टी सरळ करायची तर आत्ताच. त्यानंतर १६०-१७५ अंशांना तासन्‌तास एजिंग केलं, म्हणजे तसंच तापत ठेवलं, की विरघळलेलं बारीक कणांच्या रूपात बाहेर पडतं आणि हेच कण डिसलोकेशनची वाट अडवतात. काही मिश्रधातू खोलीच्या तापमानालाच कडक होत जातात. जर्मनीत आल्फ्रेड विल्मला १९०६ मध्ये हे असंच ध्यानीमनी नसताना गवसलं: शनिवारी मोजलेला तुकडा सोमवारी जास्त कडक भरला, असं सांगतात. त्यातून ड्युरॅल्युमिन हा कडक मिश्रधातू आला.

क्रायोरोलिंग बसवायचं ते या दोन पायऱ्यांच्या मधे: आधी विरघळवणं आणि पाणी, मग गारठवून लाटणं, शेवटी एजिंग, तेही नेहमीपेक्षा कमी तापमानाला, १०० ते १३० अंशांच्या आसपास. लाटून झाल्यावर पुन्हा ५३० ला नेलात तर नवे स्फटिक उगवतात आणि लाटण्याची सगळी कमाई पुसली जाते. शुद्ध अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्याचं एजिंग करायला जाऊ नका. त्यात बाहेर पडायला काही नसतंच.

गुपित म्हणाल तर आयआयटी रुरकीचे यावरचे कितीतरी शोधनिबंध छापलेले आहेत. कारखान्यात हे फारसं दिसत नाही, कारण प्रत्येक फेरीआधी पत्रा पुन्हा बुडवावा लागतो आणि नायट्रोजन हवेत उडून जातो. त्याचं बिल मात्र उडत नाही.

राहिला घरचा फ्रीझर. तो उणे १८ ला असतो, उणे १९६ शी त्याचं काही नातं नाही. पण विमानाच्या कामात फ्रीझर खरोखर वापरतात. २०२४ नावाच्या मिश्रधातूचे रिव्हेट भट्टीतून पाण्यात टाकले की लगेच थंडीत ठेवतात. बाहेर राहिले तर थोड्याच मिनिटांत कडक होऊ लागतात आणि ठोकताना तडकतात. म्हणजे तिथे फ्रीझर असतो तो अ‍ॅल्युमिनियम मऊ ठेवायला.