ओढणी गुंडाळलेला तो बल्ब आधी काढा

‘बाळाचे स्टुडिओसारखे फोटो घरच्या घरी’ हा मेसेज फिरत फिरत आत्याकडून आमच्या ताईपर्यंत पोचला. ताई बाळंतपणाला माहेरी आलेली, बाळ चार दिवसांचं. मेसेजात पाच सूचना. फ्लॅश मारू नका, बाळ आंधळं होतं. 200 वॉटचा पिवळा बल्ब ओढणी गुंडाळून दोन फुटांवर लावा. उजेड मऊ पडतो आणि बाळाला ऊबही मिळते. हनुवटीखाली हात देऊन बाळाला बेडकासारखं बसवा. वीस मिनिटं उघडं उन्हात ठेवून फोटो काढा, कावीळ जाते. आणि भारी लेन्स नसेल तर नादालाच लागू नका.

मी संध्याकाळी घरी पोचलो तेव्हा बल्ब लागलेला होता. ओढणी सिंथेटिक. गाठीपाशी ती तपकिरी होऊन काचेला चिकटली होती, आणि खाली बाळ झोपलेलं.

असल्या बल्बला दिलेल्या विजेतली 90 टक्क्यांच्या आसपास उष्णताच होते. त्या बल्बवर कापड गुंडाळणं म्हणजे आग लावायची तयारी. वर मेसेज म्हणतो, दवाखान्यातही बाळाला असाच दिवा लावतात! अहो, दवाखान्यातल्या वॉर्मरचा सेन्सर बाळाच्या पोटाला चिकटवलेला असतो. अंग जास्त तापलं की यंत्र उष्णता कमी करतं, अलार्म वाजतो. तुमच्या बल्बला बाळ तापलंय हे कोण सांगणार?

आणि माझा खरा राग पुढे आहे. काविळीचा पिवळेपणा सहसा दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून दिसू लागतो. नेमक्या त्याच दिवसांत हा मेसेज खोलीत पिवळा उजेड करायला सांगतो. त्या संध्याकाळचे फोटो पाहून सगळे म्हणाले, ‘कसं सोन्यासारखं दिसतंय!’ सकाळी खिडकीपाशी आईने बाळाच्या नाकावर बोट हलकेच दाबून उचललं, तर खालची कातडी हळदीसारखी. डोळ्यांचा पांढरा भागही पिवळट. डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि दोन दिवस निळ्या दिव्याखाली ठेवलं. बल्बच्या उजेडात हे आम्हा कुणालाच दिसलं नव्हतं.

उन्हाबद्दल एवढं मान्य करतो की सूर्यप्रकाशातल्या निळ्या भागाने बिलिरुबिन, म्हणजे काविळीत अंगात साठणारं पिवळं द्रव्य, उतरतं. पण दवाखान्यात तो प्रकाश मोजून देतात, डोळे झाकतात, रक्त पुन्हा तपासतात. अंगणात यातलं काहीच होत नाही. कातडी भाजते आणि डॉक्टरांकडे जायला उशीर होतो.

आता फ्लॅश. माझा मुलगा 32 आठवड्यांचा जन्मला. आपल्याकडे 34 आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोच्या आत जन्मलेल्या बाळांचे डोळे महिन्याच्या आत तपासावेत, असा नियम आहे. बाहुली औषधाने मोठी करून, पापण्या उघड्या धरून डॉक्टर कपाळावरच्या दिव्याचा झोत थेट डोळ्याच्या आतल्या पडद्यावर टाकत होते. एकदा नाही, दोन्ही डोळ्यांत पुन्हा पुन्हा. ही तपासणी आंधळेपण टाळायलाच करतात. त्यापुढे कॅमेऱ्याचा क्षणभराचा फ्लॅश काय आहे? तरी फ्लॅश बंदच ठेवा, तेवढं मेसेजचं बरोबर आहे. बाळ दचकतं, आणि समोरून मारलेल्या फ्लॅशने चेहरा सपाट होतो.

बेडकाची पोझ घरी कुणीही करू नये. ती दोन फोटो जोडून बनते. एकात मोठं माणूस बाळाचं डोकं धरतं, दुसऱ्यात मनगटं, आणि नंतर संगणकावर ते हात पुसतात. मान न धरणारं बाळ हनुवटी तोलणार कशावर?

लेन्सचं म्हणणं तर सोडूनच द्या. आमच्याकडे साधा कॅमेरा आणि सोबत आलेली लेन्स. बारशाच्या आदल्या दिवशी सकाळी पंखा आणि ट्यूबलाइट बंद केली आणि ऊन थेट न येणाऱ्या खिडकीला आजोबांचं जुनं धोतर लावलं. खिडकीपासून हातभर आत गादी. बाळाचं डोकं खिडकीकडे तिरकं, कारण पायाकडून उजेड आला की नाकपुड्या उजळतात आणि चेहरा भेसूर दिसतो. पलीकडून ताईने पांढरा टॉवेल धरला, गालावरची सावली तेवढ्याने निवळली. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता, 1600, शटर सेकंदाच्या 1/125 भागापुरतं उघडं, आणि चादर पांढरी म्हणून एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, थोडं वर. नाकाची बारीक सावली वरच्या ओठाकडे उतरलेली दिसली, तेव्हा बटण दाबलं.