“चूक तुझी, मग भरपाई कसली?” : कामगारांमध्ये फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

मागच्या महिन्यात एक पोरगा आला. परभणीकडचा, वय २३. पुण्याजवळ भोसरीच्या एका शेडमध्ये पॉवर प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबून आकार देणाऱ्या यंत्रावर होता. उजव्या हाताला मनगटापर्यंत बँडेज, तर्जनी आणि मधलं बोट मुळापासून गेलेलं. डाव्या हातानं मोबाइल उघडायला त्याला वेळ लागत होता, मी थांबलो. मग त्यानं स्क्रीन माझ्यापुढे धरली. “दादा, हे खरं आहे का? मालकाच्या भावानं पाठवलंय.”

मेसेज मी आधीही पाहिलेला. चाकण, भोसरी, तळवड्यातल्या कामगारांच्या ग्रुपवर तो वर्षभर फिरतोय. त्याचा मजकूर थोडक्यात असा: कामगाराच्या निष्काळजीपणानं अपघात झाला तर मालक एक रुपयाही देणं लागत नाही. कंत्राटी कामगाराची जबाबदारी ठेकेदाराची, कंपनीचा संबंध नाही. ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) म्हणजे फक्त दवाखाना. गेटबाहेर काही झालं तर ते ज्याचं त्याचं नशीब. बोटं गेलेला माणूस कामाचा राहत नाही, तेव्हा मालक माणुसकी म्हणून जे देतो ते घ्यावं, सही करावी आणि गावी जावं. कोर्टात आयुष्य जातं. खाली ‘कायदेतज्ज्ञांचं मत’ असंही लिहिलंय, नाव कुणाचं नाही.

मी गेली अठरा वर्षं कामगारांचे अर्ज लिहून देतो. वकील नाही, पण हे कलम न् कलम माझ्या रोजच्या कामाचं आहे. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी निष्काळजीपणा, कारण सगळा मेसेज त्यावरच उभा आहे. कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३चा आणि १ जुलै १९२४ पासून लागू. २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला, पण त्याचा पाया तोच राहिला. कायदा विचारतो एवढंच: अपघात कामामुळे आणि काम चालू असताना झाला का? चूक कुणाची, हा प्रश्न सुरुवातीला येतच नाही. डुलकी लागली, लक्ष उडालं, हात चुकीच्या क्षणी आत गेला, तरी भरपाई मिळते. मालकाला सूट फक्त तीन बाबतींत आहे. कामगार दारूच्या किंवा अमली पदार्थाच्या अमलाखाली असेल, सुरक्षेचा स्पष्ट हुकूम त्यानं जाणूनबुजून मोडला असेल, किंवा यंत्राचं संरक्षक साधन जाणूनबुजून काढलं असेल, तर. आणि कामगार दगावला किंवा त्याला कायमचं संपूर्ण अपंगत्व आलं, तर ही तीन कारणंही मालकाच्या कामी येत नाहीत.

“जाणूनबुजून” हा शब्द शॉप फ्लोअरवर कसा दिसतो ते सांगतो. प्रेसला दोन बटणं असतात, दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच स्ट्रोक पडावा म्हणून. म्हणजे दोन्ही हात डायबाहेर, साच्याबाहेर राहतात. पण एका हातानं जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा ठेवायचा आणि दुसऱ्यानं बटण दाबायचं तर तासाला जास्त नग निघतात. मग एका बटणात काडी खोचून ते कायमचं दाबून ठेवतात, वरून चिकटपट्टी. या पोराच्या मशीनवर तेच होतं. त्यानं केलं? तो तिथं लागला त्याच्या आधीपासून चिकटपट्टी होती, इतकी जुनी की तेलानं काळी पडलेली. सुपरवायझर रोज तिच्यासमोर उभा राहून नग मोजायचा. अशा वेळी “कामगारानं सुरक्षा साधन काढलं” हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर येते, आणि ते सोपं नाही. ज्यांना ईएसआय लागू आहे त्यांच्या कायद्यात तर आणखी स्पष्ट लिहिलंय: नियम मोडून काम केलं असलं तरी ते मालकाच्या धंद्यासाठी केलेलं असेल, तर अपघात कामावरचाच धरतात.

ठेकेदाराचा मुद्दा सरळ खोटा आहे. कंपनीनं आपलंच नेहमीचं काम ठेकेदाराकडून करून घेतलं असेल, तर जखमी कामगार भरपाई थेट कंपनीकडे मागू शकतो. कंपनीनं ती द्यावी आणि हवी तर ठेकेदाराकडून वसूल करावी. जुन्या कायद्याच्या कलम १२मध्ये हे पहिल्यापासून होतं. अडचण पुराव्याची असते. अपघात झाला की ठेकेदार म्हणतो, “हा माझ्याकडे कधीच नव्हता.” म्हणून गेटपासचा फोटो, हजेरीच्या ग्रुपवरचे मेसेज, पगार जमा झाल्याची नोंद, सोबत्यांचे नंबर, हे सगळं पहिल्या आठवड्यातच दुसऱ्या कुणाच्या तरी मोबाइलवर पाठवून ठेवायचं. जखमी माणसाचा फोन त्या धावपळीत हरवतो. मी हे चारपाच वेळा पाहिलंय.

आता ईएसआय. हा गैरसमज मेसेजपेक्षा जुना आहे, आणि अर्धा दोष त्या दवाखान्यांतल्या रांगांचा आहे, कारण लोकांना रांगच तेवढी दिसते. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी, महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगाराला ही योजना लागू होते. पगारातून पाऊण टक्का कापला जातो, मालक सव्वातीन टक्के भरतो. कामावर अपघात झाला तर बरं होईपर्यंत रोजाच्या ९० टक्के रक्कम मिळते. कायमचं अपंगत्व राहिलं तर मेडिकल बोर्ड कमाईची क्षमता किती टक्के घटली ते ठरवतं आणि त्या प्रमाणात पैसे दरमहा, मरेपर्यंत मिळतात. समजा रोज ५०० रुपये आणि क्षमता २० टक्के घटली. ५००चे ९० टक्के ४५०, त्याचे २० टक्के ९०. दिवसाला ९०, म्हणजे महिन्याला साधारण २,७०० रुपये, आयुष्यभर, दुसरी नोकरी लागली तरीही. आजारपणाच्या लाभासाठी काही दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. कामावरच्या अपघाताला ती अट नाही. पहिल्या दिवशी बोट गेलं तरी हक्क आहे.

बऱ्याच मालकांना हे नीट ठाऊक असतं, म्हणून नोंदणीचा खेळ चालतो. सेफ इन इंडिया ही संस्था २०१९ पासून वाहन उद्योगातल्या अशा अपघातांवर दरवर्षी ‘क्रश्ड’ नावाचा अहवाल काढते. आधी हरियाणात मानेसर-फरिदाबादकडे आणि नंतर पुण्याकडेही त्यांनी जखमी कामगार गाठले. बोटं जाण्याचं मोठं कारण पॉवर प्रेस, आणि ईएसआयचं ओळखपत्र बहुतेकांच्या हाती अपघात झाल्यावरच पडलेलं, हे त्यांनी वर्षामागून वर्ष नोंदवलंय. माझ्या टेबलावर येणारी कागदपत्रं तेच सांगतात. नोंदणीची तारीख आणि दवाखान्यात भरतीची तारीख एकच.

गेटबाहेरचं म्हणाल तर तिथं सर्वोच्च न्यायालयाचा ताजा निकाल आपल्याच मराठवाड्यातला आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या साखर कारखान्याचा एक रखवालदार २२ एप्रिल २००३ला पहाटे तीनच्या पाळीसाठी मोटारसायकलवरून निघाला होता. कारखाना पाचेक किलोमीटर राहिला असताना अपघातात गेला. भरपाईचा हुकूम झाला, उच्च न्यायालयानं तो रद्द केला. २८ जुलै २०२५ला सर्वोच्च न्यायालयानं तो पुन्हा कायम केला: घरून कामावर जाताना किंवा कामावरून परतताना झालेला अपघात, वेळ, जागा आणि नोकरी यांचा संबंध जुळत असेल तर, कामावरचाच मानायचा. नव्या संहितेतही ही तरतूद आहे.

इथं मेसेज लिहिणारा म्हणेल, बघा, बावीस वर्षं लागली. लागली, आणि त्या रखवालदाराच्या बायकोनं ती कशी काढली असतील याचा विचार केला की घशात काहीतरी अडकतं. उशीर हा या व्यवस्थेचा खरा दोष आहे, तो मी झाकणार नाही. पण उशीर होतो म्हणून हक्कच नाही, हे कुठलं गणित? शिवाय ईएसआयचा लाभ मिळायला कोर्टाची पायरी चढावी लागत नाही. तो अर्ज, अपघाताचा अहवाल आणि मेडिकल बोर्ड यांतून मिळतो. आणि जिथं दावा करावाच लागतो तिथं रखडवणाऱ्या मालकाला जुन्या कायद्यात महिनाभरानंतर १२ टक्के व्याज होतं, वर ५० टक्क्यांपर्यंत दंड. व्याजाची तरतूद संहितेतही आहे.

“माणुसकी म्हणून” दिले जाणारे पैसे हा या मेसेजमधला मला सगळ्यात जास्त लागणारा भाग. या पोराला पन्नास हजार देऊ केले होते. दवाखान्यातच. स्टॅम्पपेपर तयार होता, त्यावर लिहिलेलं: ‘माझ्या चुकीमुळे अपघात झाला, माझी काहीही तक्रार नाही.’ त्याच्या शेडमध्ये सात माणसं, म्हणजे ईएसआय लागू नाही, भरपाई मालकानंच द्यायची. हिशोब मांडू. पगार १४,०००. त्याचे ६० टक्के ८,४००. वय २३ला कायद्यातला गुणांक २१९.९५. गुणाकार केला की १८,४७,५८० रुपये, ही संपूर्ण अपंगत्वाची रक्कम. एका हाताची दोन बोटं गेली तर कायद्यातल्या तक्त्यात कमाईची क्षमता २० टक्के घटली असं धरलंय. त्याचे होतात ३,६९,५१६ रुपये. उपचाराचा प्रत्यक्ष खर्च वेगळा. त्याला हे आकडे कागदावर करून दाखवले तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “एकदा परत करून दाखवा.”

आणि सही केलेली असली तरी? कामगारानं आपला भरपाईचा हक्क सोडून दिल्याचा करार कायद्यात रद्दबातलच मानलाय. ज्यांनी आधीच सही केली आहे त्यांनी घरी कुढत बसू नये, अर्ज करावा. खरं तर २०१७च्या दुरुस्तीनं मालकावरच बंधन घातलं होतं की कामगाराला कामावर घेतानाच त्याचे भरपाईचे हक्क लेखी सांगायचे, इंग्रजीत, हिंदीत किंवा तिथल्या राजभाषेत. आपल्याकडे म्हणजे मराठीत. असा मराठी कागद मी आजवर एकाही जखमी कामगाराच्या पिशवीत पाहिलेला नाही.

राहिला “कामाचा राहत नाही” हा मुद्दा. इथं थोडं खरं आहे, म्हणून नीट सांगायला हवं. सरकारी आस्थापनांत, म्हणजे महामंडळं आणि महापालिकाही आल्या, नोकरीत असताना अपंगत्व आलं तर कामावरून काढता येत नाही आणि हुद्दाही कमी करता येत नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम २०(४). आधीचं काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं काम द्यायचं, जागा नसेल तर ती मिळेपर्यंत जादा पद निर्माण करायचं. २००३मध्ये कुणाल सिंग खटल्यात, पाय कापावा लागलेल्या जवानाला, सर्वोच्च न्यायालयानं १९९५च्या कायद्याखाली हेच संरक्षण दिलं. २०२५मध्ये तेलंगणाच्या एसटीतल्या, रंग नीट न दिसणाऱ्या ड्रायव्हरला पर्यायी काम द्यायला लावलं. एसटी किंवा पुण्याच्या पीएमपीएमएल बससेवेतल्या कुणाला ‘अनफिट’ची चिठ्ठी मिळाली असेल तर हे आधी वाचावं.

खासगी कारखान्याला मात्र हे कलम लागू नाही. ईएसआयचा तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ चालू असेपर्यंत कामगाराला काढता येत नाही, पण तो संपल्यावर परत घेतलंच पाहिजे अशी सक्ती आपल्याकडे नाही. कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात ती आहे. वीस किंवा जास्त कामगार असलेल्या मालकाला, वर्षभर काम केलेला माणूस जखमी झाला तर त्याला परत घ्यावं लागतं, ही जबाबदारी जास्तीत जास्त दोन वर्षं राहते. तिथं टोरंटोच्या इन्स्टिट्यूट फॉर वर्क अँड हेल्थसारख्या संस्था आणि काम व अपंगत्वाच्या धोरणावर काम करणारं संशोधकांचं एक जाळं वर्षानुवर्षं हाच प्रश्न धरून बसलंय की जखमी माणूस कामावर टिकतो कसा. त्या संस्थेनं २००७मध्ये मांडलेली तत्त्वं वाचताना मला नवल वाटलं, इतकी ती साधी आहेत. अपघातानंतर लवकर आणि आपुलकीनं चौकशी करावी, आणि झेपेल असं बदललेलं काम द्यावं. आपल्याकडे पहिल्या आठवड्यात चौकशीला जो येतो तो स्टॅम्पपेपर घेऊन.

आणि कामाचा राहिला नाही हे ठरवायचंच असेल तर त्याची किंमतही कायद्यानं ठरवलीय. १९६८मध्ये एक सुतार सिनेमागृहाच्या सजावटीचं काम करताना पडला, डावा हात कोपराच्या वर कापावा लागला. मालकाचं म्हणणं, अपंगत्व अर्धवट आहे. डिसेंबर १९७५मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, एका हातानं सुतारकी होत नाही, म्हणून या माणसापुरतं हे संपूर्ण अपंगत्व. तेव्हा तक्त्यातला टक्का हा शेवटचा शब्द नाही, तो माणूस कुठलं काम करत होता हे पाहावं लागतं. मालक एका तोंडानं “हा आता कामाचा नाही” म्हणत असेल आणि दुसऱ्या तोंडानं “वीसच टक्के” म्हणत असेल, तर पहिलं वाक्य लिहून ठेवा. शक्य असेल तर साक्षीदारासमोर.

पोराचा अर्ज गेल्या मंगळवारी दाखल झाला. सोबत मशीनचा फोटो जोडलाय, अपघाताच्या संध्याकाळी त्याच्या सोबत्यानं काढलेला. त्यात ती काळी चिकटपट्टी स्पष्ट दिसते. मालकाचा भाऊ अजून फोन करतो. आता त्याचा आकडा एक लाखावर आलाय.