डोळ्याचा पडदा फ्लॅशने जळत नाही हो

गेले दोन आठवडे गोव्यातल्या वाळपई, साखळी, डिचोलीकडच्या ग्रुपांवर एकच मेसेज फिरतोय: "डायबिटीसच्या कॅम्पमध्ये नवीन मशीनने डोळ्यात लेझर मारतात, पडदा जळतो. मशीन कुठेच टेस्ट झालेलं नाही, आपल्यावर ट्रायल चाललीय. नजर चांगली असेल तर जाऊच नका." मी ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे डोळे तपासणारी आहे, कॅम्पात डोळ्याच्या पडद्याचे फोटो मीच काढते, आणि गेल्या खेपेला यादीतली बरीच माणसं आलीच नाहीत म्हणून लिहितेय.

आधी लेझरचं. पडदा शेकतात तो लेझर ट्रीटमेंटचा, ते मशीनच वेगळं. आमचा फंडस कॅमेरा, म्हणजे पडद्याचा फोटो काढणारा, त्यात साधा पांढरा फ्लॅश. एक्स-रेसारखं रेडिएशन त्यात नाही, आणि डोळ्याच्या यंत्रातून किती प्रकाश आत जाऊ द्यायचा याची मर्यादा आयएसओ १५००४-२ या आंतरराष्ट्रीय मानकात ठरलेली आहे. फ्लॅशनंतर समोर रंगीत डाग तरंगतो, घाबरायला होतं खरं, पण काही मिनिटांत जातो. बहुतेक तिथूनच ही अफवा उठलीय.

"टेस्टच नाही" हे तर साफ चूक. पडद्याचे फोटो काढणं कित्येक दशकं जुनं आहे, नवीन आहे ते फोटो वाचणारं एआय. त्यातल्या एका सिस्टीमला अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणं तपासून मंजूर करणाऱ्या सरकारी संस्थेने) २०१८ मध्ये मंजुरी दिली, त्याआधी १० साध्या दवाखान्यांत ९०० डायबिटीसवाल्यांवर चाचणी झाली. ज्यांना आजार पुढे गेलेला होता अशा १०० पैकी साधारण ८७ जण तिने पकडले. म्हणजे १३ सुटले, हेही मी लपवत नाही, म्हणूनच रिपोर्ट चांगला आला तरी दरवर्षी परत या म्हणते.

खरी अडचण आहे ती फोटो नीट येण्याची. थायलंडमध्ये ११ दवाखान्यांत एआय वापरून बघितलं तेव्हा १८३८ फोटोंपैकी २१ टक्के सिस्टीमने घेतलेच नाहीत, आणि त्यात खोलीतला उजेड हे एक मोठं कारण होतं. आमचंही तेच, पंचायतीच्या हॉलला पडदे नसतात, आम्ही खिडक्यांना चादरी बांधतो, त्यात पावसात लाईट गेली की सगळं थांबलं. वयस्कर आजींची बाहुली बारीक, वर मोतीबिंदू, मग फोटो धूसरच. "फोटो आला नाही" याचा अर्थ "डोळे ठीक" असा कुणी लावला तर धोका तिथे आहे, फ्लॅशमध्ये नाही.

आणि नजर चांगली म्हणून जाऊ नका, हे वाक्य सगळ्यात वाईट. डायबिटीसने पडदा खराब व्हायला लागतो तेव्हा सुरुवातीला काहीच कळत नाही, दुखत नाही, पेपरही वाचता येतो. २०२३ मध्ये आलेल्या आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या सर्व्हेत डायबिटीसचं प्रमाण देशात सगळ्यात जास्त गोव्यात निघालं, २६.४ टक्के.

ज्यांचा फोटो येत नाही त्यांना आम्ही चिठ्ठी देतो, डोळ्यांच्या डॉक्टरकडे बाहुली मोठी करणारे ड्रॉप्स घालून तपासायला. ती चिठ्ठी कपाटात ठेवू नका. ड्रॉप्सने चारेक तास धूसर दिसतं, तेव्हा त्या दिवशी स्कूटर घरी ठेवा आणि कुणाला तरी सोबत न्या.