पहिली पंगत की दुसरी? (क्रूझला निघालेल्यांसाठी)

क्रूझचं बुकिंग करताना खोली बाल्कनीची की आतली हे खिशावर ठरतं, व्हिसा-विमा एजंट बघतो. मग फॉर्मवर एक निरुपद्रवी वाटणारा प्रश्न येतो: रात्रीचं जेवण ठरलेल्या वेळी हवं की तुमच्या सोयीने? घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सगळ्यांचं एका सुरात उत्तर, "अर्थात सोयीने! सुट्टीवर चाललोय, होस्टेलवर नाही."

मला हे पटत नाही. का पटत नाही ते जरा सविस्तर लिहिते, कारण दिवाळीनंतर बुकिंगं सुरू झाली की मेसेंजरवर हाच प्रश्न येत राहतो आणि दरवेळी तेच टाइप करून बोटं दुखतात.

ज्यांनी क्रूझ केलेली नाही त्यांच्यासाठी आधी थोडी पार्श्वभूमी. मोठ्या बोटीवर एक मुख्य डायनिंग रूम असते, दोन-तीन मजली, झुंबरंबिंबरं. तिथलं जेवण भाड्यातच धरलेलं असतं. पण बोटीवरची सगळी माणसं एकदम बसतील एवढी ती मोठी नसते, म्हणून पंगती दोन. पहिली संध्याकाळी साडेपाच-सहाला, दुसरी आठ-साडेआठला. तुमचा टेबल नंबर पहिल्या दिवशी मिळतो आणि शेवटपर्यंत तेच टेबल, तोच वेटर, त्याचा तोच मदतनीस. बोटीवरचा नाटक-गाण्यांचा कार्यक्रमही त्याच हिशेबाने दोनदा होतो, पहिल्या पंगतीवाल्यांना जेवणानंतर आणि दुसऱ्या पंगतीवाल्यांना जेवणाआधी. अटलांटिक ओलांडणाऱ्या जुन्या बोटींपासूनची ही रीत आहे. क्युनार्ड कंपनीच्या 'क्वीन मेरी २'वर तर अजूनही तुम्ही कुठल्या दर्जाची खोली घेतली त्यावर तुमची जेवणाची खोली ठरते.

मग २००० साली नॉर्वेजियन क्रूझ लाइनने 'फ्रीस्टाइल' नावाने हे सगळं मोडीत काढलं. केव्हाही या, कुठेही बसा, टाय नको, वेळ नको. लोकांना आवडलं. पाठोपाठ प्रिन्सेसने आणि मग बाकीच्यांनी आपापल्या नावाने मोकळ्या वेळेची सोय सुरू केली. रॉयल कॅरिबियनवर ती 'माय टाइम', कार्निव्हलवर 'युवर टाइम'. नावं ऐकली की वाटतं, बोट आपल्या बापाचीच.

या मोकळ्या वेळेत नक्की काय होतं ते सांगते. सिंगापूरहून निघालेल्या एका बोटीवर (कंपनीचं नाव घेत नाही) आम्ही दोघं आणि धाकटी नणंद-नंदावा असे मोकळ्या वेळेवर होतो. सात वाजता आपल्याला भूक लागते, तशी ती अख्ख्या बोटीला लागते. दाराशी रांग. चार जणांचं टेबल हवं तर पंचवीस मिनिटं थांबा, हातात पेजर घेऊन. थांबायचं नसेल तर आदल्या दिवशी अ‍ॅपवर वेळ राखून ठेवा, आणि अ‍ॅपवर बघावं तर साडेसात-आठच्या जागा केव्हाच गेलेल्या, उरलेलं पावणेसहा नाहीतर सव्वानऊ. म्हणजे वेळ ठरवायचीच, फक्त रोज नव्याने आणि आपली आपण. नणंद तर सुट्टीभर दुपारी दोन वाजता फोन घेऊन बसायची, तत्काळचं तिकीट काढायला बसावं तशी.

टेबल मिळालं की वेटर नवा. नव्याला पुन्हा पहिल्यापासून सांगा: हे दोघं शाकाहारी, अंडं चालतं पण मासा शाकाहारात धरू नका, सूपमध्ये चिकनचं पाणी नको, एकाला शुगर आहे. तो बिचारा हसून लिहून घेतो. दुसऱ्या दिवशी दुसरा हसून लिहून घेतो.

माझा सगळा मुद्दा इथेच आहे. ठरलेल्या वेळेत तुम्हाला वेळ मिळते त्यापेक्षा माणूस मिळतो. मोठ्या बोटींवर आपल्याकडचं शाकाहारी जेवण हल्ली असतंच, पण ते 'असतं' आणि 'चांगलं असतं' यातलं अंतर कापतो तो तुमच्या टेबलाचा वेटर, नाहीतर त्याच्या वरचा हेडवेटर. तुम्ही उद्या किती वाजता, कुठे बसणार आहात हे त्याला आज माहीत असतं. त्यामुळे तो उद्याचा मेनू आज रात्रीच दाखवतो, भटारखान्यात निरोप देतो आणि कांदा-लसूण नसलेली डाळ वेगळी काढून ठेवतो. मोकळ्या वेळेत ती डाळ कोणासाठी आणि कधी काढायची?

गेल्या उन्हाळ्यात आम्ही सिअ‍ॅटलहून अलास्काला गेलो. मुलगा-सून, चार वर्षांचा नातू, आम्ही दोघं आणि व्याही-विहीण. व्याही इंदूरचे. रात्री साडेनऊच्या आत ताट वाढलं तर कोणी आजारी आहे का विचारतील असं घर. विहीणबाई कांदा-लसूण खात नाहीत. ह्यांच्या शुगरच्या गोळ्या जेवणाच्या वेळेला बांधलेल्या. नातू आठला झोपला नाही तर सगळी बोट जागी. अशा गोतावळ्याला 'आपापल्या सोयीने' जेवायला सोडलं असतं तर सात दिवसांत सात जण एका टेबलावर एकदाही दिसलो नसतो. सूनबाईने कोणालाही न विचारता पहिली पंगत घेऊन टाकली, संध्याकाळी पावणेसहाची.

विहीणबाई म्हणाल्या, "अहो ताई, ही तर चहाची वेळ!"

ते खरंच होतं. पण आमचा वेटर निघाला मडगावजवळचा. दुसऱ्या रात्री ह्यांनी सहज मिरची मागितली. तिसऱ्या रात्री आम्ही बसायच्या आधीच टेबलावर पांढरी छोटी वाटी, तीत बारीक चिरलेली हिरवी मिरची, वर लिंबाची फोड, आणि शेजारी नातवासाठी साल काढून फोडी केलेलं सफरचंद. आम्ही मराठीतून बोलतोय हे ऐकून जाताना विहीणबाईंच्या कानाशी वाकून म्हणाला, "आंटी, फाल्यां दाळ-शीत हाडतां." त्यांना कोकणीतलं फक्त 'दाळ' कळलं, तेवढं पुरलं. पुढच्या रात्री जिऱ्याची साधी फोडणी दिलेली पिवळी डाळ आणि मऊ भात आला. मेनूवर ती कुठेच नव्हती. त्यानंतर 'चहाची वेळ' हा शब्द पुन्हा ऐकू आला नाही.

यात नवल नाही म्हणा. गोव्याच्या माणसांचं बोटींशी नातं जुनं आहे. ब्रिटिशांच्या बोटींवर आचारी आणि स्टुअर्ड म्हणून गोव्याची माणसं पिढ्यानपिढ्या गेली. मुंबईत धोबीतलावला, माझगावला गावागावांच्या 'कुडी' (गावकऱ्यांसाठीच्या राहायच्या खोल्या) होत्या, काही अजून आहेत. बोट मिळेपर्यंत हे तारवटी तिथे राहायचे, गावच्या संताची तसबीर भिंतीवर, ट्रंक कोपऱ्यात. आज क्रूझच्या डायनिंग रूममध्ये गोवा आणि मुंबईकडची पोरं हमखास भेटतात. पण ओळख व्हायला आणि ती ओळख ताटात उतरायला दोन-तीन रात्री तरी लागतात. रोज टेबल बदललं तर हा मुलगा चार टेबलं पलीकडे वाढत असतो आणि आपल्याला पत्ताही नसतो.

त्याच्या बाजूनेही बघा. सहा ते नऊ महिन्यांचा करार, आठवड्याची सुट्टी नाही. समुद्रावरच्या नोकरीत चोवीस तासांत निदान दहा तास विश्रांती हवी असा आंतरराष्ट्रीय नियम आहे, यावरून दिवस केवढा असेल ते समजा. दोन पंगतींत त्याला ठराविक वीसेक माणसं, मग ती उठली की टेबलक्लॉथ बदलून दुसरी वीसेक. कोण काय खातं ते पाठ. मोकळ्या वेळेत माणसं येतच राहतात. पूर्वी शेवटच्या रात्री पाकिटात घालून टिप द्यायची पद्धत होती, वेटरला, मदतनिसाला, हेडवेटरला वेगवेगळी. रोज वेगळा वेटर म्हटल्यावर पाकीट कोणाला देणार? हल्ली टिप सरळ बिलात रोजच्या रोज लागते आणि सगळ्यांत वाटली जाते. हिशेब सोपा झाला हे खरं. तरी ह्यांनी शेवटच्या रात्री त्या पोराच्या हातात वेगळे काही ठेवलेच, आणि नातवाने त्याला एक खेळण्यातला देवमासा दिला, जो त्याने घेतला आणि मग हळूच माझ्याकडे परत दिला.

कंपन्यांनाही हे कळलेलं आहे असं माझं मत. रॉयल कॅरिबियनने २०१४ मध्ये 'क्वांटम ऑफ द सीज' आणली (पुढे ती सिंगापूरहूनही निघायची). तिच्यावर ठरलेल्या पंगतींची मोठी डायनिंग रूमच काढून टाकली होती. त्याऐवजी वेगवेगळी रेस्टॉरंटं, रोज आपण निवडा, आपण जागा राखा. लोकांनी एवढा त्रागा केला की थोड्याच काळात ती योजना गुंडाळून जुन्या पंगती परत आणाव्या लागल्या. डिस्नेवाले यात सगळ्यांत हुशार. त्यांच्या बोटींवर रोज रात्री रेस्टॉरंट बदलतं, पण तुमचा वेटर तुमच्याबरोबर फिरतो. १९९८ला पहिली बोट आणली तेव्हापासून त्यांनी हे सोडलेलं नाही.

आता पंगत कोणती, हे मार्ग बघून ठरवायचं. अलास्काला पहिली घ्या. जून-जुलैत ज्यूनोला रात्री दहाच्या आसपास सूर्य मावळतो. म्हणजे साडेसातला जेवून उठलात तरी डेकवर उभं राहून बघायला अख्खी संध्याकाळ शिल्लक. दुसरं कारण व्हिक्टोरिया. अमेरिकेचा १८८६चा एक कायदा आहे, त्यामुळे परदेशी झेंड्याच्या, म्हणजे परदेशात नोंदलेल्या, बोटीला सिअ‍ॅटलहून निघून सिअ‍ॅटललाच परत यायचं तर मधे एखाद्या परदेशी बंदराला लागावंच लागतं. म्हणून बहुतेक बोटी शेवटच्या संध्याकाळी कॅनडातल्या व्हिक्टोरियाला चार-पाच तास थांबतात. दुसऱ्या पंगतीवाल्यांचं त्या दिवशी एक तर गाव बुडतं, नाहीतर जेवण. आम्ही जेवून उतरलो.

भूमध्य समुद्रात मात्र उलट. रोज नवं बंदर आणि गावं बंदरापासून लांब. चिव्हितावेकिया ते रोम सत्तरेक किलोमीटर, लिव्होर्नो ते फ्लॉरेन्स त्याहून जास्त. दिवसभर पाय तुटेस्तोवर चालून संध्याकाळी सहाला बोटीवर चढायचं आणि तसंच घामेजलेल्या कपड्यांत जेवायला धावायचं? तिथे दुसरीच. आंघोळ करून, थोडं आडवं होऊन आठला जावं. आपल्या घरची वेळही तीच.

पहिल्या पंगतीची एक अडचण मान्य करते. रात्री दहाला पोट पुन्हा विचारतं. त्यावर उपाय बोटीवर असतोच. आमचे हे आणि व्याही रोज रात्री "जरा हवा खाऊन येतो" म्हणून पिझ्झाच्या काउंटरवर सापडायचे, खिशात चिवड्याची पुडी. पिझ्झ्यावर चिवडा घालतात हे मला सूनबाईने फोटो दाखवल्यावर कळलं. शुगरबद्दल मी वर जे लिहिलंय ते ह्यांनी वाचू नये.

मोकळी वेळ कोणी घ्यावी? दोघंच असाल, सगळं खात असाल आणि आठवड्यातल्या तीन रात्री वेगळ्या पैशांच्या रेस्टॉरंटात जाणार असाल, तर जरूर घ्या. अनोळखी माणसांबरोबर बसायचं ज्यांना फार अवघड जातं त्यांनीही घ्यावी, जरी हल्ली मागितलं तर ठरलेल्या पंगतीतही स्वतंत्र टेबल मिळतं. सात-आठ जणांच्या कुटुंबाला, शाकाहाऱ्यांना, म्हाताऱ्या माणसांना आणि लहान मुलांवाल्यांना मात्र मी ती घ्या असं कधी म्हणणार नाही.

शेवटी एक कामाची गोष्ट. हवी ती पंगत बुकिंगच्या वेळी भरलेली असली तर वेटिंगवर नाव टाका आणि गप्प बसू नका. बोटीवर चढल्या चढल्या सगळी दुनिया सामान टाकून वरच्या बुफेकडे धावते. तुम्ही त्या वेळी डायनिंग रूमच्या दाराशी जा, तिथे मॅनेजर टेबलांचा तक्ता घेऊन बसलेला असतो. कुटुंबात किती जण, कोण काय खात नाही, कोणाची औषधं कधी, हे एका कागदावर लिहून न्या आणि तो कागद त्याच्याच हातात द्या. खिडकीजवळचं टेबल मागायला लाजू नका. आमच्या खिडकीबाहेर एका संध्याकाळी देवमाशाची शेपटी वर आली आणि सगळी पंगत हातातले काटे-चमचे टाकून आमच्या टेबलाभोवती गोळा झाली. विहीणबाईंनी तेवढ्यात शांतपणे आपली डाळ संपवून घेतली.