स्टेरॉइडचे ड्रॉप्स हे लाली घालवण्याचे घरगुती औषध नव्हे

“लाल डोळा म्हणजे जंतुसंसर्ग. अँटिबायोटिक आणि स्टेरॉइड एकत्र असलेल्या ड्रॉप्सची एक बाटली घरात कायम ठेवा. दोन-दोन थेंब घाला, एका दिवसात डोळा पांढरा होतो. लाली गेली की बंद करा, बाटली फ्रिजमध्ये ठेवा आणि पुन्हा गरज पडली की घरातल्या कोणालाही वापरा. मुलांच्या डोळ्यांना खाज येत असेल तर रोज रात्री एक थेंब चालू ठेवा. औषध डोळ्यातच राहते, शरीरात जात नाही, म्हणून अपाय शून्य. डॉक्टरही शेवटी हेच लिहून देतात.”

या आशयाचा संदेश सध्या पुढे पुढे पाठवला जात आहे. माझ्या मावशीने तो मला पाठवला आणि खाली विचारले, “नातीचे डोळे सारखे खाजतात, तिला हे सुरू करू का गं?” तिने विचारले हे बरे झाले; पण न विचारता सुरू करणारी माणसे किती असतील, या विचाराने स्वस्थ बसवेना, म्हणून हे उत्तर लिहीत आहे.

संदेशाचा क्रम मी पाळणार नाही, कारण त्यातले सर्वांत घातक वाक्य मध्येच दडलेले आहे: मुलांच्या डोळ्यांत रोज रात्री एक थेंब. ज्याने कोणी हे लिहिले, त्याला स्टेरॉइड, म्हणजे दाह आणि सूज दाबणारे औषध, डोळ्यात काय करते याची पुसटशीही कल्पना नसावी. डोळ्याच्या पुढच्या भागात पाण्यासारखा एक द्रव सतत तयार होत असतो आणि बुबुळाच्या कडेला असलेल्या अतिसूक्ष्म जाळीतून तेवढाच बाहेर वाहून जातो. हा मेळ टिकतो तोवर डोळ्याचा दाब साधारणपणे १० ते २१ मिलिमीटर पाऱ्याइतका राहतो. स्टेरॉइडचा थेंब दिवसेंदिवस पडत राहिला, की काही माणसांमध्ये त्या जाळीच्या पेशी आणि भोवतालचे तंतू बदलू लागतात, मोरीची जाळी तुंबावी तसा निचरा मंदावतो आणि आतला दाब चढत जातो. १९६० च्या दशकात बर्नार्ड बेकर आणि मन्सूर आर्माली या नेत्रतज्ज्ञांनी हा परिणाम मोजून दाखवला. डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचे ड्रॉप्स काही आठवडे नियमित घातल्यावर, ज्यांना काचबिंदू नव्हता अशा लोकांपैकीही सुमारे एक-तृतीयांश लोकांचा दाब मध्यम प्रमाणात वाढला, आणि शंभरातील सुमारे पाच जणांचा तर १५ मिलिमीटरपेक्षाही अधिक वाढला. आपण किंवा आपले मूल त्या पाचांत आहे की नाही, हे औषध सुरू करण्यापूर्वी खात्रीने सांगता येत नाही. घरात कोणाला काचबिंदू असेल, चष्म्याचा उणे नंबर मोठा असेल किंवा मधुमेह असेल, तर धोका अधिक असतो. लहान मुलांमध्ये दाब मोठ्यांपेक्षा लवकर आणि जास्त चढू शकतो.

या वाढलेल्या दाबाने बहुतेक वेळा डोळा दुखत नाही आणि लालही होत नाही, हे यातले सर्वांत वाईट. उलट स्टेरॉइडने खाज थांबलेली असते, डोळा स्वच्छ पांढरा दिसत असतो आणि औषध उत्तम लागू पडले असे घरच्यांना वाटत असते. त्याच काळात डोळ्यामागची नस झिजत जाते; यालाच काचबिंदू म्हणतात. नजर आधी कडेकडेने कमी होते आणि मधली नजर शाबूत राहते, त्यामुळे मूल तक्रार करत नाही. वर्गात फळा दिसत नाही किंवा चालताना वस्तूंना धक्का लागतो, असे लक्षात येईपर्यंत फार उशीर झालेला असू शकतो. ड्रॉप्स बंद केल्यावर दाब बहुतेकांचा खाली येतो. नसेचे जे नुकसान झाले, ते मात्र कोणत्याही औषधाने किंवा शस्त्रक्रियेने भरून येत नाही. दीर्घ वापराने भिंगाच्या मागच्या बाजूला मोतीबिंदू धरतो, तो वेगळाच. तो शस्त्रक्रियेने काढता येतो हे खरे, परंतु खाजेसाठी घातलेल्या थेंबांपायी शाळकरी मुलावर मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करण्याची वेळ का यावी?

मावशीच्या नातीला बहुधा ॲलर्जी आहे, आणि ॲलर्जीत त्या बाटलीतल्या अँटिबायोटिकचे काहीही काम नसते. थंड पाण्याच्या घड्या, डोळे न चोळण्याची सवय, आणि तपासणीनंतर ओलोपॅटाडिन किंवा केटोटिफेनसारखे ॲलर्जीचे ड्रॉप्स, एवढ्याने बऱ्याच मुलांचे भागते. ॲलर्जी तीव्र असेल, तर नेत्रतज्ज्ञ स्टेरॉइड देतातही, पण ते थोड्या दिवसांपुरते, ठरवून कमी करत आणि दाब मोजत. ‘रोज रात्री, कायम’ हा बेत त्यात कुठेच बसत नाही.

“लाल डोळा म्हणजे जंतुसंसर्ग” हे पहिलेच वाक्य चुकीचे आहे. डोळा लाल होण्याची कारणे अनेक आहेत: विषाणू, जिवाणू, बुरशी, ॲलर्जी, कोरडेपणा, आत गेलेला कण, डोळ्याच्या आतली सूज, एकाएकी चढलेला दाब. साथीने डोळे येतात, तेव्हा त्यामागे बहुतेक वेळा ॲडिनोव्हायरस असतो आणि विषाणूवर अँटिबायोटिकचा परिणाम होत नाही. ते आजारपण साधारण एक ते तीन आठवड्यांत आपोआप ओसरते. थेंब घातल्यावर बरे वाटले म्हणून थेंबांनीच बरे केले, हा समज येथूनच पसरतो.

खरा घात होतो तो हर्पिसच्या विषाणूच्या बाबतीत. हा विषाणू कॉर्नियावर, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यावर, झाडाच्या फांदीसारखी नाजूक जखम करतो. घरच्या आरशात ती दिसत नाही. पिवळा-केशरी रंग डोळ्याला लावून निळ्या प्रकाशात स्लिट लॅम्पखाली, म्हणजे नेत्रतज्ज्ञांच्या सूक्ष्मदर्शकाखाली, पाहिले, की हिरवी चमकणारी फांदी स्पष्ट उमटते. अशा डोळ्यात केवळ स्टेरॉइड पडले, तर पहिले एक-दोन दिवस लाली खरोखरच कमी होते, खुपणे कमी होते आणि माणूस संदेश पाठवणाऱ्याचे आभार मानतो. परंतु लाली आणि सूज हा शरीराच्या प्रतिकाराचाच भाग असतो. स्टेरॉइडने तो प्रतिकार आवळला, विषाणूला मोकळे रान मिळाले, आणि ती बारीक फांदी पसरून मोठा व्रण होऊ शकते, ज्याचा पांढरा वण नजरेच्या आड येत कायमचा राहतो. बुरशीचेही तसेच आहे. शेतात काम करताना डोळ्यात कुसळ गेले किंवा झाडाची फांदी लागली, आणि नंतर डोळा लाल झाला, तर बुरशीचा संसर्ग असू शकतो. बाटलीतले टोब्रामायसिन किंवा मॉक्सिफ्लॉक्सासिनसारखे अँटिबायोटिक बुरशीला मारत नाही, आणि स्टेरॉइड तिला वाढू देते. म्हणजे ‘दोन औषधे एकत्र, म्हणून दुप्पट सुरक्षित’ असे जे भासवले जाते, ते अशा डोळ्यांत नेमके उलटे ठरते.

माझ्या शब्दावर विश्वास ठेवण्याची गरज नाही. टोब्रामायसिन आणि डेक्सामेथासोन एकत्र असलेल्या ड्रॉप्सचे अमेरिकेत मंजूर झालेले माहितीपत्रक वाचावे. हर्पिसने झालेला कॉर्नियाचा वरच्या थराचा दाह, कांजिण्यांसह इतर अनेक विषाणूंचे डोळ्याचे आजार, क्षयरोगाच्या गटातील जंतूंचा संसर्ग आणि बुरशीचे आजार, या सर्वांत हे औषध वापरूच नये, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. दहा दिवस किंवा अधिक वापर झाल्यास डोळ्याचा दाब नियमित मोजावा, असे त्यात लिहिले आहे. पहिल्या वेळी २० मिलिलिटरपेक्षा जास्त औषध लिहून देऊ नये आणि पुन्हा तपासल्याशिवाय ते पुन्हा देऊ नये, हेही त्यात आहे. ज्यांनी हे औषध तयार केले, तेच तपासणीशिवाय दुसरी बाटली नको म्हणतात, आणि हा संदेश ती कायम घरात ठेवायला सांगतो.

आता “डॉक्टरही हेच लिहून देतात” या वाक्याकडे येते. हे अर्धे खरे आहे, आणि ते मान्य करणे भाग आहे. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर असे ड्रॉप्स सर्रास दिले जातात. डोळ्याच्या आतल्या दाहात तर स्टेरॉइड हाच मुख्य उपचार असतो आणि तो वेळेवर मिळाला नाही तर नजर जाऊ शकते. स्टेरॉइड म्हटले की घाबरून डॉक्टरांनी दिलेले औषधही अर्ध्यात सोडणे, ही तितकीच मोठी चूक आहे. परंतु डॉक्टर ते लिहितात ते स्लिट लॅम्पखाली डोळा पाहून, कोणता संसर्ग नाही याची खात्री करून आणि पुन्हा कधी यायचे ते सांगून. जिवाणूंमुळे झालेल्या कॉर्नियाच्या व्रणात स्टेरॉइड द्यावे की नाही, याची एक मोठी चाचणी ५०० रुग्णांवर झाली आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात रुग्णांना आधी ४८ तास मॉक्सिफ्लॉक्सासिन दिले होते, जिवाणू प्रयोगशाळेत सिद्ध झाले होते, बुरशीचे रुग्ण वगळले होते. आणि एवढे करूनही तीन महिन्यांनंतरच्या नजरेत स्टेरॉइड घेतलेल्या गटाला एकूणात फायदा दिसला नाही. जिथे इतकी काळजी घेऊनही तज्ज्ञ जपून बोलतात, तिथे आरशात पाहून स्वतःच निर्णय घेणे योग्य नाही.

“लाली गेली की बंद करा” या सल्ल्यात एक गुंता आहे, तो फारसा कोणी सांगत नाही. अँटिबायोटिक पूर्ण मात्रेत, ठरलेले दिवस घालायचे आणि मग थांबवायचे असते. मात्रा हळूहळू घटवत नेली तर जंतू मरण्याऐवजी औषधाला सरावण्याची शक्यता वाढते. स्टेरॉइडचे बरोबर उलटे आहे: काही दिवसांहून अधिक वापरले असेल तर ते दिवसाला चार, तीन, दोन, एक असे उतरवत न्यावे लागते, नाहीतर दाह पुन्हा उसळतो. या दोन विरुद्ध नियमांची औषधे एकाच बाटलीत आहेत. म्हणूनच बरेच नेत्रतज्ज्ञ अँटिबायोटिकचे काम संपल्यावर कॉम्बिनेशन थांबवून नुसत्या स्टेरॉइडचे ड्रॉप्स देतात आणि ते उतरवत नेतात. कागदावर तारखांसमोर लिहिलेले ते आकडे कंटाळवाणे वाटतात, पण ते तसेच पाळायचे असतात.

उरलेल्या मुद्द्यांना थोडक्यात उत्तर देते. “औषध डोळ्यातच राहते” हे खोटे आहे. थेंब घातल्यावर थोड्या वेळाने घशात कडवट चव येते, ती औषध नाकात उतरल्याचीच खूण असते, आणि तेथून ते रक्तात जाते. लहान बाळांमध्ये डेक्सामेथासोनच्या ड्रॉप्समुळे शरीरातील संप्रेरकांवर परिणाम झाल्याच्या नोंदी आहेत. “दोन-दोन थेंब” घालण्याने काही साधत नाही, कारण डोळ्यात एक थेंबही पुरता मावत नाही आणि दुसरा गालावर ओघळतो. फ्रिजच्या थंडीने बाटली निर्जंतुक होत नाही. उघडलेली बाटली साधारण चार आठवड्यांनी टाकून द्यायची असते, मग छापील मुदत पुढची का असेना. आणि एकाची बाटली दुसऱ्याच्या डोळ्याला लावणे म्हणजे साथ घरभर वाटणे.

डॉक्टरांनी असे ड्रॉप्स दिलेच असतील, तर हात साबणाने धुवावेत. बाटलीतले औषध ढवळून एकसारखे व्हावे लागत असेल, तर ती नीट हलवावी. मान मागे करून खालची पापणी बोटाने ओढावी आणि तिथे झालेल्या खळग्यात एकच थेंब सोडावा; बाटलीचे टोक पापणीला, बुबुळाला किंवा बोटाला लागू देऊ नये. डोळा अलगद मिटून नाकाजवळचा कोपरा एक-दोन मिनिटे दाबून धरला, की औषध नाकात उतरण्याचे प्रमाण बरेच कमी होते. दुसरे ड्रॉप्स असतील तर मध्ये पाच मिनिटे जाऊ द्यावीत आणि मलम सर्वांत शेवटी लावावे. डोळा लाल असेपर्यंत कॉन्टॅक्ट लेन्स लावू नये.

लाल डोळ्याबरोबर दुखत असेल, उजेड सहन होत नसेल, अंधुक दिसत असेल, बुबुळावर पांढरा ठिपका असेल, डोळ्याला काही लागले असेल, लेन्स वापरली जात असेल किंवा बाळाच्या डोळ्यांत चिपडे साचत असतील, तर थांबू नये. त्याच दिवशी डोळे तपासून घ्यावेत. जे हे ड्रॉप्स आधीच काही आठवडे किंवा महिने स्वतःच्या मनाने घालत आहेत, त्यांनी हे वाचून घाबरून ते एकदम बंद करू नयेत. बाटली सोबत घेऊन एक-दोन दिवसांत नेत्रतज्ज्ञांकडे जावे, किती काळ आणि दिवसातून किती वेळा घातले ते न लपवता सांगावे, डोळ्याचा दाब मोजून घ्यावा आणि औषध कसे उतरवत न्यायचे ते त्यांच्याकडून लिहून घ्यावे.