मार्च जिंकणाऱ्या टीम्स

परवा न्यू जर्सीहून भाच्याचा फोन आला. "मावशी, या ऑफसीझनमध्ये सगळ्यात जास्त कोणती टीम सुधारली? तुझं मत सांग." ऑफसीझन म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या दोन मोसमांमधले महिने, ज्यात टीम्स खेळाडू घेतात-सोडतात. त्याच्याकडे यादी तयारच होती. कोणी कोणता मोठा खेळाडू घेतला, त्याला किती पैसे मोजले, आणि त्यावरून कुणाला ए प्लस, कुणाला बी मायनस. अर्धा तास बोललो, पण मला जे सांगायचं होतं ते फोनवर नीट सांगता आलं नाही. म्हणून इथे लिहिते आहे. अमेरिकन फुटबॉल न बघणाऱ्यांनीही वाचा, लागेल तेवढं समजावत जाईन.

आम्ही २००८ मध्ये व्हर्जिनियात अ‍ॅशबर्नला राहायला आलो. वॉशिंग्टनच्या टीमचं सरावाचं मैदान आमच्या गावातच आहे. हा खेळ मला शेजारच्या आजोबांनी शिकवला. ते आता नाहीत. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं होतं की चेंडूकडे बघायचंच नाही, चेंडूच्या मागे वाकून उभ्या असलेल्या पाच धिप्पाड माणसांकडे बघायचं. ती ऑफेन्सिव्ह लाइन. त्यांचं काम एकच, समोरून धावून येणाऱ्यांना थोपवून धरायचं, म्हणजे मागे उभ्या असलेल्या क्वार्टरबॅकला चेंडू फेकायला दोन-अडीच सेकंद मिळतात. या पाच जणांच्या नावाच्या जर्सी दुकानात क्वचितच दिसतात, पण मॅच तिथेच ठरते.

मार्चचा, म्हणजे खेळाडूंच्या खरेदीच्या महिन्याचा, पहिला धडा मला २००९ मध्ये मिळाला. वॉशिंग्टनने अल्बर्ट हेन्सवर्थ या बचावातल्या खेळाडूला सात वर्षांसाठी १० कोटी डॉलरचा करार दिला. ऑफिसात, किराणा दुकानात, मुलांच्या बसस्टॉपवर दुसरा विषयच नव्हता. सगळ्यांचं म्हणणं एकच, हे वर्ष आपलं. आजोबा तेवढे गप्प होते. त्या मोसमात आम्ही १६ पैकी ४ सामने जिंकलो. नंतर त्यांनी मला २००० सालची गोष्ट सांगितली. तेव्हा तर डीऑन सँडर्स, ब्रूस स्मिथ, मार्क कॅरियर, जेफ जॉर्ज असे एकाहून एक नावाजलेले लोक एकाच उन्हाळ्यात आणले होते. आदल्या वर्षी प्लेऑफपर्यंत, म्हणजे बाद फेरीपर्यंत गेलेली टीम त्या वर्षी ८-८ वर, म्हणजे आठ विजय आणि आठ पराभवांवर थांबली. सँडर्स तर एका मोसमानंतर निघूनही गेला. आमच्या गावाने मार्च कितीतरी वेळा जिंकला आहे हो. डिसेंबरमध्ये मात्र आम्ही रविवारी संध्याकाळी टीव्ही बंद करून भाजी निवडत बसायचो.

आता थोडं गणित, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. लीगमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, ३२ टीम्स आहेत आणि प्रत्येकीला खर्चाची सारखीच मर्यादा आहे, तिला सॅलरी कॅप म्हणतात. २०२४ साली ती २५ कोटी ५४ लाख डॉलर होती. त्यात ५३ जणांचा संघ बसवायचा. म्हणजे एकावर उधळलेला पैसा दुसऱ्या कुठून तरी कमी होतोच. मार्चमध्ये करार संपलेले खेळाडू बाजारात येतात, ती फ्री एजन्सी. एप्रिलच्या शेवटी कॉलेजमधून नव्या मुलांची निवड, तो ड्राफ्ट. त्यात आदल्या वर्षीच्या सगळ्यात कमकुवत टीमला पहिली संधी. आयपीएलचा लिलाव बघणाऱ्यांना यातलं निम्मं आधीच कळलं असेल. तिथेही सगळ्यात महागडा खेळाडू घेणारा मालक त्या रात्री टीव्हीवर हसतो, आणि मे महिन्यात काय होतं ते आपण बघतो.

२०२४ चा उन्हाळा मी विसरूच शकत नाही, कारण एकाच गोष्टीची दोन टोकं तेव्हा समोरासमोर दिसली. त्याआधीच्या मोसमात लॉस एंजेलिसचे चार्जर्स ५-१२ होते. जिम हारबॉ नवा हेड कोच म्हणून आला. टीम कॅपच्या वर गेलेली, त्यामुळे कापाकापी अटळ होती. दोन नामांकित रिसीव्हर, म्हणजे चेंडू झेलणारे, त्यांनी घालवले. कीनन अ‍ॅलनला शिकागो बेअर्सकडे पाठवलं, माइक विल्यम्सला सोडून दिलं आणि तो न्यूयॉर्क जेट्सकडे गेला. झालं, त्या उन्हाळ्यात बेअर्स आणि जेट्स दोघांचंही कौतुक सुरू झालं. शिकागोकडे ड्राफ्टमधला पहिला खेळाडू केलेब विल्यम्स, नवव्या क्रमांकाचा रोम ओडुन्झे आणि वर अ‍ॅलन. जेट्सकडे दुखापतीतून परतलेला एरन रॉजर्स, सोबत विल्यम्स, टायरन स्मिथ, हासन रेडिक. भाचा जेट्सवाला आहे, तेव्हा त्याने घरात सणासारखी तयारी केली होती.

आणि चार्जर्सनी काय केलं? ड्राफ्टमध्ये पाचव्या क्रमांकावर त्यांची पाळी आली. रिसीव्हर गेलेले, जागा रिकामी, आणि मलिक नेबर्ससारखा झेलणारा समोर उपलब्ध. तरी त्यांनी जो ऑल्ट हा टॅकल घेतला. टॅकल म्हणजे त्या पाच जणांपैकी कडेचा. रिसीव्हर त्यांनी दुसऱ्या फेरीत घेतला, लॅड मकॉन्की. त्या पोराने पहिल्याच वर्षी ११४९ यार्ड कमावले.

मोसम संपला तेव्हा जेट्स ५-१२, बेअर्स ५-१२ आणि चार्जर्स ११-६. सगळ्या लीगमध्ये सर्वांत कमी गुण चार्जर्सच्या बचावाने दिले. ज्यांच्याकडून माणसं गेली ते वर चढले आणि ज्यांच्याकडे आली ते खाली उतरले. याचा अर्थ अ‍ॅलन किंवा विल्यम्स वाईट होते असा अजिबात नाही. बेअर्सचं दुखणं रिसीव्हर हे नव्हतंच. केलेब विल्यम्स त्या वर्षी ६८ वेळा सॅक झाला, म्हणजे चेंडू हातात असतानाच त्याला जमिनीवर पाडलं गेलं. एका बावीस-तेवीस वर्षांच्या मुलाला १७ सामन्यांत ६८ वेळा! मला बघवत नव्हतं. दारातला उंबरा मोडलेला आणि आत झुंबर टांगायचं चाललं होतं.

बेअर्सना ते कळलं, हे मात्र मोकळेपणाने म्हणते. पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी डेट्रॉइटचा बेन जॉन्सन हेड कोच म्हणून आणला आणि त्या पाचांमधले मधले तिन्ही बदलले: जो थूनी, ड्रू डॅलमन, जोना जॅक्सन. ही नावं ऐकून मंडळाच्या गणपतीत कोणीही माझ्याकडे वळून पाहिलं नाही. तोच क्वार्टरबॅक, तीच टीम, २०२५ मध्ये ११-६ आणि आपल्या गटात पहिली.

म्हणून भाच्याला मी सांगितलं की कोण आलं ते नंतर विचार. आधी हे विचार की टीम ज्यामुळे हरत होती ते दुखणं कोणतं, आणि त्यावर तिने काही केलं का?

फिलाडेल्फिया ईगल्सचं उदाहरण सगळे चेंडू घेऊन धावणाऱ्या सक्वॉन बार्कलीवरून देतात. २०२४ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्क जायंट्सने त्याला जाऊ दिलं, ईगल्सनी तीन वर्षांसाठी सुमारे पावणेचार कोटी डॉलर दिले आणि त्याने २००५ यार्ड धाव घेतली. मोठं नाव होतं आणि चाललंही, कारण त्याच्यापुढे लीगमधली सगळ्यात भक्कम लाइन होती. पण मला त्या उन्हाळ्यातला खरा सौदा झॅक बॉनचा वाटतो. न्यू ऑर्लिन्समध्ये तो मुख्यतः स्पेशल टीम्सवर, म्हणजे किकच्या वेळी उतरणाऱ्या तुकडीत, खेळायचा. ईगल्सनी त्याला एका वर्षासाठी ३५ लाख डॉलरला घेतलं. नवा बचाव प्रशिक्षक विक फँजिओने त्याची जागाच बदलली, कडेवरून मधे आणला. तो ऑल-प्रो झाला, म्हणजे लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या यादीत आला. जेट्समधून बाहेर पडलेला मकाय बेक्टन टॅकल होता, त्याला गार्ड, म्हणजे कडेच्या आतला केलं, आणि तो सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, सुरुवातीपासून खेळला. ड्राफ्टमधून आलेल्या कूपर डिजीनने त्याच सामन्यात, स्वतःच्या बाविसाव्या वाढदिवसाला, समोरच्यांनी फेकलेला चेंडू मधेच पकडून टचडाउन केला. कॅन्सस सिटी चीफ्सविरुद्ध ४०-२२ ने जिंकले. याच ईगल्सनी ब्राइस हफवर त्याच उन्हाळ्यात तीन वर्षांसाठी ५ कोटींहून जास्त डॉलर लावले आणि ते वाया गेले, तेही खरं. पण एक चूक झाली तरी टीम कोलमडली नाही. बार्कलीला कितीही दाद दिली तरी हे बाकीचं काम ग्रेडच्या यादीत दिसत नाही.

आता माझी स्वतःची टीम, वॉशिंग्टन. इथे माझा हात जरा थरथरतो.

२०२३ मध्ये आम्ही ४-१३ होतो. ५१८ गुण दिले, लीगमध्ये सर्वांत जास्त. आमचा क्वार्टरबॅक सॅम हॉवेल ६५ वेळा सॅक झाला. मग नवीन मालकाने सॅन फ्रान्सिस्कोहून अ‍ॅडम पीटर्सला जनरल मॅनेजर म्हणून आणलं आणि डॅन क्विन हेड कोच झाला. ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकावर जेडन डॅनियल्स. बाकी बॉबी वॅगनर, फ्रँकी लूवू, झॅक अर्ट्झ, टायलर बिअडाझ अशी बरीच अनुभवी माणसं, त्यातली कितीतरी एकेका वर्षाच्या करारावर. आणि १२-५! २७ ऑक्टोबरच्या संध्याकाळी, वेळ संपलेली असताना, डॅनियल्सने लांबून उंच फेकलेला चेंडू बेअर्सच्या हाताला लागून उडाला आणि नोआ ब्राउनच्या हातात पडला. आमच्या घरात पोळीचं कणीक भिंतीला लागलं होतं. जानेवारीत १५-२ असलेल्या डेट्रॉइटला त्यांच्याच मैदानात ४५-३१ ने हरवलं. मला आजोबांची फार आठवण आली. त्यांना हे बघायला मिळायला हवं होतं.

तेव्हा मी इथेच लिहिलं होतं की सगळ्यात जास्त सुधारलेली टीम आमची. आज तसं म्हणणार नाही. २०२५ च्या उन्हाळ्यात लॅरमी टन्सल आणि डीबो सॅम्युअल आले, सगळीकडे वाहवा झाली, आणि मीही भरपूर केली. पण पस्तिशीच्या वॅगनरच्या, अर्ट्झच्या पायात आणखी एक वर्ष आहे असं आम्ही गृहीत धरलं. वर छत्तीस वर्षांचा व्हॉन मिलर आणला. डॅनियल्सला एकामागून एक दुखापती झाल्या आणि आम्ही ५-१२ वर आलो. म्हणजे २०२४ ची ती झेप मुख्यतः एका पोराच्या पायांवर होती. चार्जर्सचं बघा. २०२५ मध्ये मोसम सुरू होण्याआधीच त्यांचा डावा टॅकल रशॉन स्लेटर जायबंदी झाला, पुढे ऑल्टही बाहेर गेला. दोन्ही कडा गेल्या. तरी पुन्हा ११-६. २०२४ चा उन्हाळा कुणाचा, तर चार्जर्सचा. हे लिहिताना मला वाईट वाटतं, पण मत तर तेच आहे.

कोणी म्हणेल, पैसा ओतून कधीच काही होत नाही का? होतं की. न्यू इंग्लंड पेट्रियट्स लागोपाठ दोन वर्षं ४-१३ होते. २०२५ च्या मार्चमध्ये त्यांनी भरमसाट खर्च केला, आणि १४-३ झाले. पण तो खर्च बघा कुठे केला. क्वार्टरबॅक ड्रेक मे त्यांच्याकडे आधीच होता, तोही नवशिक्याच्या स्वस्त करारावर, म्हणून कॅपमध्ये जागा होती. बचावासाठी मिल्टन विल्यम्स, कार्ल्टन डेव्हिस, रॉबर्ट स्पिलेन. ड्राफ्टच्या चौथ्या क्रमांकावर विल कँपबेल, टॅकल. आणि हेड कोच माइक व्रेबल, जो आधी टेनेसीत हेच काम करून आलेला. हेन्सवर्थच्या वेळी आमच्याकडे पैसा होता, यातलं बाकीचं काहीच नव्हतं.

भाच्याने शेवटी चिडून विचारलं, "मग मी कुणाला ए प्लस देऊ?" मी म्हटलं, ऑगस्टपर्यंत कुणालाच देऊ नकोस. जुलैच्या शेवटी सरावाचा कँप सुरू होईल. चिलखत घालून खरी धडक सुरू झाली की तुझ्या जेट्सच्या लाइनचे पाचही जण रोज एकत्र उभे राहतात का, की एखादी जागा दर आठवड्याला बदलते, तेवढं मला कळव. मी इथे अ‍ॅशबर्नला कुंपणापाशी उभी असेन, आणि आमच्या पाचांचं तुला कळवीन.